इंटरमिटंट फास्टिंगमध्ये पोषण पुरेसं मिळतं का? आधी तुमच्या ताटाचा हिशोब करू

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: वय ३८, उंची १५७ सेंमी, बँकेत बसून काम, शाकाहारी पण अंडं चालतं, दोन महिन्यांपासून १६:८ करताय म्हणजे दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खाता, वजन ७४ वरून ६९ वर आलंय, पण आता केस विंचरताना हातात येतात, जिना चढताना दम लागतो, आणि बहीण म्हणतेय हे उपाशी राहणं बंद कर. तुमचा प्रश्न असा की यात पोषण पुरतंय का आणि हे पुढे चालू ठेवावं का. तुमचं बघून आईही दोनदाच जेवायला लागल्यात, त्यांच्याबद्दल शेवटी लिहिते.

मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करतेय आणि गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्यांपैकी खूप जण आधीच कुठलं ना कुठलं फास्टिंग करून आलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. माझं मत सरळ सांगते. फास्टिंगने पोषण कमी पडतंच असं नाही, पण आपलं नेहमीचं पोळी-भाजी-वरण-भात तसंच ठेवून फक्त जेवणं कमी केली तर ते कमी पडतं, आणि शाकाहारी बायकांमध्ये तर हमखास कमी पडतं. वजन काट्यावर उतरत असतं म्हणून दोन-तीन महिने कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मग केस, थकवा, पायात गोळे, चिडचिड हे सगळं एकदम पुढे येतं. तुमचं नेमकं तेच झालंय असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय.

पण दम लागतोय ना, ते आधी. त्यासाठी या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, थायरॉइडची टीएसएच आणि तीन महिन्यांची साखर. फेरिटिन मुद्दाम सांगतेय कारण हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा रिकामा असू शकतो आणि केस गळण्यात त्याचा हात असतो. थायरॉइडमुळेही असंच होतं, म्हणून सगळं खापर फास्टिंगवर फोडायच्या आधी हे बघून घ्यायचं. आणि केसांचं एक लक्षात ठेवा, अचानक खाणं कमी झालं की केस लगेच गळत नाहीत, साधारण दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणजे आज जे गळतायत ते तुम्ही सुरुवात केली तेव्हाच्या धक्क्याचे असू शकतात. कारण दूर केलं की बहुतेकांचे परत येतात, पण त्यालाही काही महिने लागतात, तेव्हा तेल-शांपू बदलत बसू नका.

आता ताटाकडे येऊ. तुम्ही दिवसाचं खाणं लिहिलंय ते बरं केलं. दुपारी साडेबाराला डब्यात तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, थोडा भात. पाचला चहा आणि दोन-तीन बिस्किटं किंवा एखादं फळ. रात्री पावणेआठला खिचडी नाहीतर दोन भाकरी आणि भाजी. मी याचं प्रोटीन मोजलं. एका पोळीत साधारण ३ ग्रॅम म्हणजे तीन पोळ्यांचे ९, वाटीभर पातळ वरणात ५-६ (घट्ट असेल तर ७), भाजी आणि भात मिळून ३-४. दुपारचे झाले १८ च्या आसपास. चहा-बिस्किटांचे २-३. रात्रीचे १२ धरा. सगळे मिळून ३२-३५ ग्रॅम.

आणि लागतं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आयसीएमआरसाठी (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० साली जे आकडे काढले त्यात प्रौढ माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, ५५ किलोच्या बाईला ते ४६ ग्रॅम होतं. ही झाली वजन स्थिर असलेल्या निरोगी बाईची गरज. वजन कमी करताना शरीर स्नायूही वापरायला काढतं, म्हणून त्या काळात थोडं जास्त लागतं, आम्ही साधारण योग्य वजनाच्या किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरतो. तुमच्या उंचीला ५६-५७ किलो हे योग्य वजन (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, भारतीयांसाठी तो २३ च्या खाली असावा असं मानतात, २५ नाही), म्हणजे तुम्हाला ६० च्या थोडं वर प्रोटीन हवं, आणि मिळतंय त्याच्या निम्म्याच्या आसपास. ही दरी महिना दोन महिने शरीर कसंबसं भरून काढतं, कुठून, तर मांड्यांच्या दंडांच्या स्नायूंतून.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. २०२० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ११६ जणांवर बारा आठवडे एक प्रयोग केला, एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ मध्येच खायचं, म्हणजे अगदी तुमचंच वेळापत्रक, आणि दुसऱ्याने दिवसात तीन वेळा नेहमीसारखं. काय खायचं किती खायचं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. फास्टिंगवाल्यांचं सरासरी ०.९४ किलो कमी झालं, दुसऱ्यांचं ०.६८, म्हणजे फरक असा काही नाहीच. पण त्यातल्या काही जणांच्या शरीराची मोजमापं मशीनवर घेतली होती, त्यात फास्टिंगवाल्यांचं जे वजन उतरलं त्यातला साधारण ६५ टक्के भाग चरबीचा नव्हता, लीन मासचा होता, ज्यात स्नायू येतात. नेहमीच्या डाएटमध्ये हा भाग पाव-तीस टक्क्यांपर्यंत असतो. मी कुणालाही घड्याळ सांगायच्या आधी प्रोटीन मोजायला लावते त्याचं कारण हे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, तो २०२२ मध्ये आला. त्यात दोन्ही गटांना कॅलरी मोजून दिल्या होत्या, बायकांना १२०० ते १५००, पुरुषांना १५०० ते १८००, प्रोटीनचा वाटाही ठरवून दिला होता, फक्त एका गटाने ते सगळं सकाळी ८ ते दुपारी ४ मध्ये संपवायचं. वर्षाने त्यांचं ८ किलो कमी झालं, दुसऱ्यांचं ६.३, आणि हा फरक संशोधनाच्या हिशोबात ठोस धरता येण्याएवढा नव्हता. शिकागोत २०२३ मध्ये ९० जणांवरही तसंच, आठ तासांच्या खिडकीत (खिडकी म्हणजे खायला ठरवलेली वेळ) कॅलरी न मोजता खाणारे आणि दिवसभर कॅलरी मोजून खाणारे, दोघांचंही वजन वर्षात साधारण सारखंच उतरलं. म्हणजे काय, तर घड्याळात जादू नाहीये. खाणं कमी होतं म्हणून वजन कमी होतं. पण ज्याला कॅलरी मोजायचा वैताग येतो त्याला "आठनंतर नाही" हा एक नियम पाळणं सोपं जातं, आणि माझ्या मते फास्टिंगचा खरा फायदा तेवढाच आहे. तो काही कमी नाही हं, रात्री टीव्हीसमोर बसून फरसाण खायची सवय एका नियमाने सुटते ती मी कितीतरी लोकांची बघितलीय.

आपल्याकडे हा विषय निघाला की डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव येतंच, दिवसातून दोन वेळा जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं. मुळात ही कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. महाराष्ट्रात लाखो घरांत लोक इन्सुलिन या शब्दाबद्दल बोलायला लागले ते यामुळे, आणि दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा आणि त्यासोबत पाच वेळा बिस्किटं हे ज्यांचं सुटलं त्यांना फायदा झालाच आहे. पण माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेकांनी त्यातली ५५ मिनिटं लक्षात ठेवलेली असतात आणि सॅलड, मोड आलेली कडधान्यं आधी खायची हे विसरलेले असतात. दोन जेवणांत ६० ग्रॅम प्रोटीन म्हणजे एका बैठकीत ३०. अंडी, चिकन, मासे खाणाऱ्याला ते जमतं. फक्त पोळी-भाजीवर राहणाऱ्याला एका बैठकीत ३० ग्रॅम म्हणजे दहा पोळ्या झाल्या, ते होणार कसं? म्हणून शाकाहारी माणसाला मी दोनपेक्षा तीन वेळा खायला सांगते, खिडकी लहान ठेवायचीच असेल तरी.

प्रोटीन सोडून बाकीचंही बघा. कॅल्शियम रोज १००० मिलिग्रॅम लागतं. तुम्ही आधी सकाळी कपभर दूध प्यायचात आणि फास्टिंगमुळे ते बंद केलंत असं लिहिलंय, म्हणजे २४० मिलिग्रॅम तिथेच गेले. नाश्ता सोडल्यावर बहुतेकांचं पहिलं जातं ते दूधच, आणि त्याच्या जागी दुसरं काही येत नाही. लोहाची गरज तर बायकांना रोज २९ मिलिग्रॅम सांगितलीय, पुरुषांना १९. बाराशे कॅलरीच्या आपल्या शाकाहारी जेवणात त्याच्या निम्म्यापर्यंत पोचणंही कठीण जातं, त्यात जेवल्यावर लगेच चहा घेतला की जे असतं त्यातलंही कमी शोषलं जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला होता. म्हणजे आपल्यापैकी अर्ध्याहून जास्त जणी डाएट सुरू करायच्या आधीच तोट्यात असतात, आणि वर जेवण कमी. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही, मांस-मासे न खाणाऱ्याला दूध-दही-अंडी हेच मार्ग, आणि ते कमी पडत असेल तर गोळी घ्यायला लाजू नये. डायबेटिससाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर बी-१२ तपासून घ्यायचंच, त्या औषधाने ते कमी होऊ शकतं.

मग तुम्ही काय करायचं. बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण तुम्हाला रात्रीचं खाणं थांबवणं जमलंय आणि ते टिकवण्यासारखं आहे. पण १६ तासांचा हट्ट सोडा. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसात अशी दहा तासांची खिडकी ठेवा, म्हणजे १४ तास उपास होतो. तुम्ही निघताना खाऊन निघू शकता आणि रात्रीचं लवकर होतं. लवकर जेवण्याच्या बाजूने थोडा पुरावाही आहे, अमेरिकेत अलाबामात २०१८ मध्ये डायबेटिसच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांना दुपारी ३ च्या आत दिवसाचं शेवटचं जेवण दिलं तर वजन न उतरताही इन्सुलिनचं काम सुधारलं होतं. ते आठच जण होते, आणि तीनला शेवटचं जेवण आपल्या कुणाच्या आयुष्यात बसत नाही, पण सकाळ उपाशी काढून रात्री पावणेआठला जेवायचं यापेक्षा उलटं केलेलं बरं.

सकाळी साडेनऊला दोन अंड्यांचं ऑम्लेट कांदा-टोमॅटो भरपूर घालून आणि सोबत अर्धी भाकरी, किंवा अंडं नको त्या दिवशी मुगाची दोन धिरडी आणि वाटीभर दही. १३-१५ ग्रॅम इथेच झाले. पोहे-उपमा वाईट नाहीत पण त्यात प्रोटीन नावाला असतं, त्यामुळे पोहे करायचे तर मूठभर मोड आलेले मूग आणि थोडे दाणे घाला आणि पोहे निम्मे करा. डब्यात दोन पोळ्या आणि मोठी वाटी उसळ, मटकी, चवळी, हरभरा, मसूर काहीही, पण कोरडं धान्य माणशी ४० ग्रॅम भिजवायचं, नुसता रस्सा आणि तळाला चार दाणे असं नको. बरोबर पालेभाजी आणि घट्ट दही. लिंबू पिळायला विसरू नका, लोह शोषायला मदत होते. २० च्या वर गेलं. पाच वाजता बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे किंवा कपभर दूध, आणि एक पेरू किंवा जे फळ बाजारात असेल ते. संध्याकाळी ज्वारी नाहीतर नाचणीची एक भाकरी, घट्ट आमटी किंवा पिठलं, भाजी आणि ४०-५० ग्रॅम पनीर किंवा भिजवलेले सोया चंक्स. हे सगळं मिळून साधारण १४०० कॅलरी होतात आणि प्रोटीन ६० च्या आसपास. नाचणी मुद्दाम म्हटलं कारण १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि चमचाभर तीळ कोशिंबिरीवर टाकायची सवय लावली तर अजून भर पडते.

कॅलरी १४०० का, १००० का नाही, हेही सांगते. तुमचं वजन, उंची, वय धरलं तर नुसतं दिवसभर पडून राहिलात तरी शरीर साधारण १३०० कॅलरी जाळतं, हालचाल धरून १७००-१८००. १४०० खाल्ल्या तर महिन्याला दीड किलोच्या आसपास उतरेल, आणि हे हळू वाटेल, मला माहितीय. पण १२०० च्या खाली गेलं की त्यात प्रोटीन, लोह, कॅल्शियम बसवणं हे गणित माझ्यासारखीला कागदावरही अवघड जातं, घरच्या स्वयंपाकात तर ते होतच नाही. आणि सुरुवातीचा वेग लक्षात ठेवून आत्ताशी तुलना करू नका. पहिल्या दोन आठवड्यांत जे दोनेक किलो भराभर जातात त्यात पाणी खूप असतं, स्नायूत आणि लिव्हरमध्ये साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी असतं, साठा कमी झाला की पाणीही जातं. म्हणून तिसऱ्या आठवड्यात वेग कमी झाला की लोक घाबरून रात्रीचं जेवणही बंद करतात, तिथूनच खरी गडबड सुरू होते.

काट्यासोबत एक मेजरटेप ठेवा. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, महिन्यातून एकदा, बायकांत ८० सेंमीच्या आत आणि पुरुषांत ९० च्या आत असावी असं आपल्या लोकांसाठी मानतात. वजन स्थिर आणि कंबर कमी होतेय तर उत्तम चाललंय. वजन उतरतंय पण कंबर जिथल्या तिथे आणि खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागतोय तर स्नायू जातायत. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच, जिम नको असेल तर घरी खुर्चीवरून उठबशा, भिंतीला टेकून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. नुसतं चालणं चांगलंच आहे पण स्नायू टिकवायला पुरत नाही.

सकाळी उपासाच्या वेळात चहा चालतो का असं विचारलंत. दूध-साखरेचा चहा घेतला की उपास मोडतो, पण मला त्यात तुमचा उपास मोडण्यापेक्षा सकाळी रिकाम्या पोटी तीन कप चहावर बारा वाजवणं जास्त त्रासदायक वाटतं. ॲसिडिटी वाढते, भूक मरते, आणि मग बारा वाजता पहिलं जे हातात येईल ते खाल्लं जातं. एकच कप घ्या आणि तो खिडकीत बसवा, म्हणजे नाश्त्यानंतर तासाभराने. उपासाच्या वेळात पाणी, बिनसाखरेचा काळा चहा, हे चालतं. पाणी मात्र पुरेसं प्यायलं जातंय ना ते मोजा, खाणं कमी झालं की खाण्यातून पोटात जाणारं पाणीही कमी होतं, बद्धकोष्ठ होतं आणि डोकं दुखतं.

आणि आपले धार्मिक उपास. तुम्ही लिहिलंय चतुर्थी आणि श्रावणी सोमवार पण करता. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपल्या आज्या-पणज्यांनी उगाच केली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. तूप, बटाटा, दाण्याचं कूट घालून एक भरलेली प्लेट चार-पाचशे कॅलरीला जाते, आणि १६:८ च्या वर उपासाच्या दिवशी दोन्ही वेळा खिचडीच खाल्ली तर त्या दिवशीचं प्रोटीन दाण्यांपुरतंच उरतं. उपास सोडा असं मी सांगणार नाही, तो श्रद्धेचा भाग आहे. पण त्या दिवशी दूध, दही, ताक, पनीर, राजगिरा, शेंगदाणे, फळं असं करा, वरीचे तांदूळ साबुदाण्यापेक्षा बरे, आणि त्या दिवशी खिडकीचं घड्याळ बाजूला ठेवा. दोन उपास एकावर एक नकोत.

ऑटोफॅजीबद्दल थोडंच सांगते कारण तुम्ही व्हॉट्सॲपवरचा मेसेज पाठवलाय. पेशी आपल्याच खराब भागांची विल्हेवाट कशी लावतात यावर जपानच्या योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं. पण त्यांचं मूळ काम यीस्टवर होतं. माणसाने १६ तास उपाशी राहिलं की १६ व्या तासाला शरीराची सफाई सुरू होते असं काही त्यातून सिद्ध होत नाही, आणि ती तुमच्यात किती होतेय हे मोजायची साधी रक्ततपासणीही नाही. त्याचप्रमाणे उलट बाजूचा मेसेजही फिरतो, की आठ तासांच्या आत खाणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू ९१ टक्के जास्त. ते २०२४ च्या मार्चमध्ये शिकागोत एका परिषदेत मांडलेलं निरीक्षण होतं, लोकांनी फक्त दोन दिवसांचं खाणं आठवून सांगितलं होतं आणि त्यावरून पुढची वर्षं जोडली. ती माणसं कमी वेळात का खात होती, आजारी होती का, शिफ्टमध्ये होती का, हे त्यातून नीट कळत नाही. घाबरून जाऊ नका.

पण काही लोकांनी हे करूच नये, आणि इथे मी फार ठाम आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, १८ च्या आतली मुलं-मुली, आधीच वजन कमी असलेले, खाण्याबद्दलचा मानसिक आजार होऊन गेलेले किंवा असलेले. पोटभर खाऊन मग अपराधी वाटून पुढचा दिवस उपाशी काढणं हे ज्यांच्याकडे आहे त्यांना फास्टिंग म्हणजे त्या सवयीला मोठं नाव मिळाल्यासारखं होतं, आणि कॉलेजच्या मुलींमध्ये मला हे वाढताना दिसतंय, आयांनी लक्ष ठेवा. डायबेटिससाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी चालू असताना जेवण सोडलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, घाम, थरथर, बेशुद्धी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या डायबेटिसच्याच दुसऱ्या गोळ्यांवर लांबचे उपास केले तर साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात ॲसिड वाढायचा धोका असतो. डॉक्टरांनी डोस बदलून दिल्याशिवाय एक दिवससुद्धा सुरू करू नये. बीपीच्या गोळ्यावाल्यांनाही वजन उतरल्यावर चक्कर येते, त्यांचाही डोस बघावा लागतो. पित्ताशयात खडे असतील तर भराभर वजन उतरवणं आणि फार वेळ उपाशी राहणं दोन्ही टाळा. तुमच्याबाबतीत, पाळी पुढे गेली किंवा दोनदा चुकली तर फास्टिंग तिथेच थांबवायचं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

रिपोर्ट आले की फेरिटिन आणि बी-१२ कमी असेल तर डॉक्टर गोळ्या देतील, लोहाची गोळी चहा-दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. तीन महिन्यांनी परत तपासा. तोपर्यंत वरचं ताट आणि १४ तास. साखर, थायरॉइड ठीक आलं, केस थांबले, दम लागणं गेलं, आणि तेव्हा परत १६ करावंसं वाटलं तर करा, फक्त सकाळचं खाणं न सोडता रात्रीचं लवकर करून.

आता आई. वय ६८, वजन ५२, ग्लिमेपिराईड चालू, आणि तुमचं बघून दोनदाच जेवायला लागल्यात. त्यांना आजच थांबवा. गोळीचं कारण वर सांगितलंच, पण गोळी नसती तरी मी नाहीच म्हटलं असतं, कारण या वयात स्नायू तसेही कमी होत असतात, भूकही कमी लागते, त्यात जेवण कमी केलं की पहिला परिणाम चालण्यावर आणि तोल जाण्यावर होतो, आणि पडून खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळंच अवघड होतं. त्यांचं ५२ किलो हे कमी करायचं वजन नाहीये. त्यांना संध्याकाळी साडेसातला जेवण, सकाळी उठल्यावर कपभर दूध, आठला नाश्ता एवढं करू द्या, रात्रीचे दहा-अकरा तास आपोआप मोकळे राहतात आणि तेवढे त्यांना पुरे. नाश्त्याला नाचणीची आंबील ताकात करून किंवा मुगाचं मऊ धिरडं, दुपारी घट्ट वरण, पाचला मऊ भिजवलेले दाणे किंवा दही. त्यांचे दात कसे आहेत ते लिहिलं नाहीये, चावता येत नसेल तर उसळी शिजवून घोटून द्या, आणि त्यांच्या डॉक्टरांना हे दोन जेवणांचं प्रकरण आठवणीने सांगा, दरम्यान साखर कधी खाली गेली होती का हे ते विचारतील.